‘झोप छान लागते, मग बाकीच्यासाठी मेलाटोनिन घेऊ का?’

प्रश्न थोडक्यात असा. ताई ६१ वर्षांच्या आहेत. रक्तदाबासाठी नऊ वर्षांपासून मेटोप्रोलॉल आणि मधुमेहासाठी चार वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू आहे. अर्धशिशी तरुणपणापासूनची, महिन्यातून तीन-चार वेळा उठते. रात्रीचं जेवण पावणेदहा-दहाला, अकराला अंथरुणावर. झोपेची तक्रार अजिबात नाही. न्यू जर्सीहून आलेल्या मुलाने १० मिलिग्रॅमच्या मेलाटोनिन गमीजची (चघळायच्या गोळ्यांची) भली मोठी बाटली आणली आहे आणि नात्यातल्या कोणीतरी व्हॉट्सॲपवर यादी पाठवली आहे: बीपी उतरतं, पोट सुधारतं, डोकेदुखी थांबते, साखर ताब्यात राहते, कॅन्सर टळतो, म्हातारपण लांबतं. ‘झोपेसाठी नको, पण या बाकीच्यासाठी रोज एक घेतली तर चालेल का?’

ताई, यादीतलं सगळं खोटं असतं तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. त्यात थोडं खरं आहे, थोडं अर्धवट आहे आणि एक गोष्ट तुमच्या बाबतीत चक्क उलटी आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

व्हिटॅमिनच्या बाटल्यांशेजारी विकलं जातं म्हणून लोक मेलाटोनिनला टॉनिक समजतात. ते संप्रेरक आहे, म्हणजे थायरॉक्सिन आणि इन्सुलिनच्या पंगतीतलं. १९५८ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने ते गुरांच्या पिनिअल ग्रंथींतून वेगळं काढलं. त्याला झोपेशी काही देणंघेणं नव्हतं, तो कोडावर औषध शोधत होता. पिनिअलच्या अर्काने बेडकाच्या पिल्लांची कातडी फिकट होते हे १९१७ पासून माहीत होतं आणि तोच धागा धरून तो निघाला होता. कोडावर उपयोग झाला नाही. नावातलं ‘मेला’ मात्र त्या काळ्या रंगद्रव्याची आठवण म्हणून राहून गेलं.

पिनिअल ही मेंदूच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी ग्रंथी. उतारवयात तिच्यात कॅल्शियमचे कण साठतात. सीटी स्कॅन यायच्या आधी कवटीच्या एक्स-रेवर हाच पांढरा ठिपका बघून मेंदू एका बाजूला सरकला आहे का, ते डॉक्टर ओळखायचे. तिचं काम एकच: अंधार पडला की रक्तात मेलाटोनिन सोडायचं, उजाडलं की थांबवायचं. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी आहेत. बघण्यापेक्षा उजेड किती आहे हे मोजणं त्यांचं मुख्य काम, आणि निळसर उजेड त्यांना सगळ्यांत जास्त जाणवतो. त्यांचा निरोप मेंदूतल्या घड्याळाला जातो. तिथून तो मज्जारज्जूत उतरतो, मानेतल्या मज्जागाठीत वळसा घेतो आणि पुन्हा वर पिनिअलकडे येतो. एवढा द्राविडी प्राणायाम का सांगतोय, ते मेटोप्रोलॉलवर आलो की कळेल.

तर मेलाटोनिन म्हणजे शरीरभर पोचणारी ‘रात्र झाली’ ही वर्दी. माणसाला ती झोपेची तयारी म्हणून मिळते. उंदरांसारख्या निशाचरांतही मेलाटोनिन रात्रीच वाढतं आणि ते त्या वेळी टक्क जागे असतात. मेंढ्यांना त्यावरून रात्र किती लांब झाली, म्हणजे ऋतू कोणता, हे समजतं. काही देशांत मेंढ्यांचा माजाचा हंगाम अलीकडे आणायला कानामागे मेलाटोनिनची कांडी टोचतात. रक्तवाहिन्या, आतडी, स्वादुपिंड, सगळीकडे ही वर्दी ऐकणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आहेत. म्हणूनच झोपेपलीकडचे परिणाम असणं साहजिक आहे. मात्र वर्दीची किंमत वेळेवर ठरते. ती दहापट मोठ्याने दिली म्हणून रात्र दहापट होत नाही.

आता रक्तदाब, कारण तुमच्या यादीत तो पहिला आहे.

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दहा ते वीस टक्के उतरतो. काहींचा उतरत नाही आणि त्यांना हृदयविकाराचा, पक्षाघाताचा धोका जास्त असतो. २००४ साली नेदरलँड्समधल्या फ्रँक शेअर यांच्या गटाने, औषध सुरू न केलेल्या १६ उच्च रक्तदाबाच्या पुरुषांना झोपण्याआधी तासभर २.५ मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलं. एका रात्रीत काही झालं नाही. तीन आठवडे रोज दिल्यावर झोपेतला वरचा दाब सरासरी ६ आणि खालचा ४ अंकांनी उतरला. इस्रायलमध्ये रक्तदाबाची औषधं घेऊनही ज्यांचा रात्रीचा दाब चढाच राहायचा, अशा लोकांवर हळूहळू विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी वापरली, तिथेही असाच परिणाम दिसला. लगेच विरघळणाऱ्या गोळ्यांचे निकाल असे एकसारखे आलेले नाहीत.

मात्र इटलीतला एक अभ्यास मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. निफेडिपिनवर दाब व्यवस्थित ताब्यात असलेल्या लोकांना ५ मिलिग्रॅम मेलाटोनिन जोडलं. अपेक्षा अशी की दाब आणखी उतरेल. दाब चढला, वरचा साधारण ६ अंकांनी. ज्या औषधाने एकाचा दाब उतरतो त्याच औषधाने दुसरी गोळी चालू असलेल्याचा चढतो, म्हणून ‘मेलाटोनिनने बीपी उतरतं’ हे विधान मी सरसकट करत नाही. तुम्ही निफेडिपिनवर नाही. पण हे वाचणाऱ्यांत कोणी असेल तर त्यांनी घरच्या घरी प्रयोग करू नये.

तुमच्या मेटोप्रोलॉलची गोष्ट वेगळी आहे. मानेतून वर आलेला निरोप पिनिअलपाशी पोचतो तो नॉरॲड्रेनॅलिन या रसायनामार्फत आणि तिथलं दार म्हणजे बीटा रिसेप्टर. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल हीच दारं बंद करतात. हृदयासाठी ते हवंच असतं, पण त्यात रात्रीचं मेलाटोनिनही कमी होतं. ही औषधं, म्हणजे बीटा ब्लॉकर, घेणाऱ्यांपैकी काहींची झोप बिघडते, त्यामागचं हे एक कारण असावं असा अंदाज आहे. २०१२ साली अशाच १६ रुग्णांना २.५ मिलिग्रॅम मेलाटोनिन तीन आठवडे दिलं तर त्यांची झोप लक्षणीय सुधारली. यादी पाठवणाऱ्यांना हे माहीत नसणार, पण बाहेरून मेलाटोनिन देण्याला शास्त्रीय अर्थ आहे अशा मोजक्या लोकांत तुम्ही बसू शकला असता. ‘असता’ एवढ्यासाठी की तुमची झोप उत्तम आहे. जे बिघडलेलं नाही ते दुरुस्त करायला मी जात नाही.

अर्धशिशीचा पुरावा मला या सगळ्या यादीत सर्वांत रंजक वाटतो. ब्राझीलमध्ये १९६ जणांवर तीन महिने तुलना झाली: ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन, २५ मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिन (हे आमचं नेहमीचं जुनं औषध) आणि बिनऔषधाची गोळी. महिन्यातले डोकेदुखीचे दिवस मेलाटोनिनने २.७ ने कमी झाले, ॲमिट्रिप्टिलिनने २.२ ने, बिनऔषधाच्या गोळीने १.१ ने. शिवाय ॲमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड पडते, सकाळी जडत्व येतं, वजन वाढतं. मेलाटोनिनच्या गटात हा त्रास कमी होता. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आम्ही बरेच जण खूश झालो होतो.

पण त्याआधी २०१० मध्ये नॉर्वेत ४८ रुग्णांवर २ मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी वापरून झाली होती. झटके महिन्याला ४.२ वरून २.८ वर आले. वाचायला छान वाटतं ना? बिनऔषधाच्या गोळीने ते २.९ वर आले. म्हणजे फरक शून्यच. अर्धशिशीत नुसत्या आशेनेही झटके घटतात, त्यामुळे ‘मला गुण आला’ या अनुभवावर विसंबून चालत नाही, माझ्याही नाही. दोन अभ्यास, दोन निष्कर्ष, वेगळा डोस, वेगळ्या प्रकारची गोळी. मी काय करतो ते सांगतो. ज्यांना नेहमीची औषधं सोसत नाहीत आणि ज्यांचं झोपेचं वेळापत्रकही विस्कटलेलं आहे, त्यांना ३ मिलिग्रॅम तीन महिने देऊन बघतो आणि डोकेदुखीची वही ठेवायला लावतो. वहीत फरक दिसला नाही की थांबवतो. तुमच्यासाठी आणखी एक मुद्दा: मेटोप्रोलॉल हे स्वतःच अर्धशिशी टाळण्याचं मान्यताप्राप्त औषध आहे. दाबासाठी दिलेल्या गोळीतून तुम्हाला तो फायदा आधीच मिळत असेल. त्याचा डोस पुरेसा आहे का, हे आधी बघायला हवं.

पोटाबद्दल फार लांबण लावत नाही. आतड्याच्या पेशी स्वतः मेलाटोनिन बनवतात आणि तिथलं मेलाटोनिन उजेड-अंधारापेक्षा जेवणाशी जास्त बांधलेलं असतं. सगळ्या तपासण्या नॉर्मल, तरी पोटात मुरडा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, या आजाराच्या ४० रुग्णांवर सिंगापूरमध्ये २००५ साली चाचणी झाली. ३ मिलिग्रॅम, दोन आठवडे. पोटदुखी कमी झाली. गंमत म्हणजे त्यांची झोप काही सुधारली नाही, म्हणजे हा फायदा झोपेच्या वाटेने आलेला नव्हता. चाचणी छोटी होती, पण हेतू सरळ होता. ‘पित्तावर’ मात्र ओमेप्राझोल सोडून मेलाटोनिन घ्यावं असं मी कोणाला सांगणार नाही.

आता साखर. इथे यादी तुमच्याशी सरळ खोटं बोलते.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर मेलाटोनिनचे रिसेप्टर आहेत. रात्री वर्दी आली की त्या पेशी कामाचा वेग कमी करतात. रात्री माणूस जेवत नाही, असं शरीराने लाखो वर्षं गृहीत धरलेलं आहे. २००९ साली या रिसेप्टरच्या जनुकातला एक फेरबदल सापडला. तो ज्यांच्यात असतो त्यांची उपाशीपोटीची साखर थोडी चढी असते आणि मधुमेहाची शक्यता जास्त. पुढे स्पेनमध्ये मार्ता गाराउलेत यांच्या गटाने काम केलं. स्पेनचे लोक आपल्या मुंबईकरांसारखेच, नऊ-दहाच्या आधी ताटावर बसत नाहीत. ८४५ जणांना एकदा झोपेच्या चार तास आधी आणि एकदा एक तास आधी साखरेचं पाणी प्यायला दिलं. उशिराच्या वेळी रक्तातलं मेलाटोनिन साडेतीनपट होतं, इन्सुलिन कमी निघालं आणि साखर जास्त चढली. ज्यांच्यात तो जनुकीय फेरबदल होता त्यांना फटका जास्त बसला. त्याआधी निरोगी तरुण स्त्रियांना ५ मिलिग्रॅमची गोळी देऊन तपासलं, तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा साखर पचवण्याची ताकद घटलेली दिसली.

तुम्ही दहाला जेवता आणि अकराला झोपता. गमी झोपण्याआधी, म्हणजे जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासात पोटात जाणार. भाकरी-भात रक्तात उतरत असतानाच स्वादुपिंडाला ‘दुकान बंद करा’ म्हणून सांगितल्यासारखं होईल. तुमच्या मधुमेहासाठी यातलं मेलाटोनिन वगळून फक्त जेवण अलीकडे आणलं तर फुकटात फायदा आहे. मालिका नंतरही बघता येते, आता सगळं फोनवर मिळतं. सासूबाईंच्या पिढीत दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत चूल निवायची, तेव्हा हा प्रश्नच येत नव्हता.

कॅन्सरबद्दल मी जरा कडक बोलतो, कारण या आशेपायी लोकांचा वेळ जातो. या दाव्याची मुळं दोन. एक म्हणजे रात्रपाळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचं घड्याळ बिघडवणारी पाळीची नोकरी २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकली आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबद्दल तेच मत कायम ठेवलं. पण रात्रपाळीत मेलाटोनिन दबतं ही त्यातली एक कडी आहे. त्यावरून गोळी खाल्ली की धोका संपला, असं होत नाही. दुसरं मूळ इटलीत आहे. मोंझा इथले पाओलो लिसोनी यांनी नव्वदच्या दशकात रोज २० मिलिग्रॅम देऊन रुग्ण जास्त जगतात असे निकाल मांडले. त्या चाचण्यांत कोण काय घेतंय हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही ठाऊक असायचं. मग कॅनडात नीट आंधळी चाचणी झाली: फुप्फुसाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेले ७०९ रुग्ण, वर्षभर रोज रात्री २० मिलिग्रॅम. दोन वर्षांनी आजार न उलटण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नात्यातल्या कोणाचे केमो चालू असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना ही बाटली देऊ नका.

म्हातारपण लांबवण्याचा दावा ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दावर उभा आहे. परीक्षानळीत मेलाटोनिन घातक रेणू टिपतं, हे खरं आहे आणि १९९३ पासून माहीत आहे. पण रात्रीच्या ऐन भरातही आपल्या रक्तात ते मिलिलिटरमागे काही दशक पिकोग्रॅम, फार तर शंभराच्या आसपास असतं. परीक्षानळीतलं प्रमाण त्याच्या हजारो पट. उंदरांना सर्रास किलोमागे १० मिलिग्रॅम टोचतात. औषधशास्त्राच्या हिशेबाने माणसाला त्याचे शंभरच्या घरात मिलिग्रॅम होतात. या धर्तीचे दावे माणसांवर तपासले तेव्हा बहुतेकदा हवा निघाली. ऑस्ट्रेलियात टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या १६० स्त्रियांना वेगवेगळ्या डोसमध्ये देऊन बघितलं, गर्भधारणेत फरक नाही. तिथेच आयसीयूतल्या ८५० रुग्णांपैकी निम्म्यांना भ्रम होऊ नये म्हणून रोज ४ मिलिग्रॅम दिलं, फरक नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना कोविड झाला तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी जाहीर केलेल्या औषधांत मेलाटोनिन होतं आणि त्यानंतर माझ्याकडे त्याची चौकशी करणारे फोन आठवडाभर येत होते.

एका ठिकाणी मात्र ते सरळ उपयोगी ठरलंय आणि यादीत ते नाहीच: शस्त्रक्रियेच्या आधीची धास्ती. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यानुसार बिनऔषधाच्या गोळीपेक्षा ते चिंता जास्त कमी करतं आणि मिडाझोलामसारख्या शामक औषधांच्या जवळपास जातं. उद्या मोतीबिंदू किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांकडे विषय काढा.

आता त्या १० मिलिग्रॅमकडे येऊ. पन्नाशीपुढच्या लोकांवर अमेरिकेतल्या एमआयटीत २००१ मध्ये ०.१, ०.३ आणि ३ मिलिग्रॅम यांची तुलना झाली होती. रात्रीची नैसर्गिक पातळी गाठायला ०.३ पुरेसं ठरलं. ३ मिलिग्रॅमने शरीराचं तापमान उतरलं आणि दुसऱ्या दिवशीही रक्तात मेलाटोनिन रेंगाळलं, म्हणजे भर दिवसा ‘रात्र झाली’ची हाकाटी. तुमची गमी त्या ०.३ च्या तेहतीसपट आहे. आणि १० म्हणजे १० तरी असतंच असं नाही. अमेरिकेत हे औषध म्हणून विकलं जात नाही, पूरक आहार म्हणून विकलं जातं. २०२३ मध्ये तिथल्या २५ गमीज तपासल्या तर २२ चं लेबल चुकीचं निघालं. मेलाटोनिन लेबलावरच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत निघालं आणि एकात ते नव्हतंच. त्याआधी कॅनडात ३१ उत्पादनं तपासली होती, त्यातल्या आठांत सेरोटोनिनही सापडलं होतं.

२०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अधिवेशनातून एक बातमी आली आणि तुमच्या व्हॉट्सॲप गटात ती यायचीच. निद्रानाशासाठी वर्षाहून जास्त मेलाटोनिन घेणाऱ्यांत पाच वर्षांत हृदय कमकुवत होण्याचं प्रमाण ४.६ टक्के, न घेणाऱ्यांत २.७. हा नोंदींवरचा अभ्यास आहे. ज्यांची झोप जास्त बिघडलेली तेच गोळी घेतात, त्यामुळे दोष गोळीचा की निद्रानाशाचा, हे यातून ठरत नाही. मी घाबरलो नाही. पण ‘नैसर्गिक आहे, वर्षानुवर्षं घेतलं तरी काय बिघडतं’ असं म्हणणाऱ्याला हे दाखवतो. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांवर नीट केलेल्या चाचण्या फारशा नाहीतच.

आणखी दोन गोष्टी, बाटली घरात आहे म्हणून. फ्लुवोक्सॅमिन हे मंत्रचळावर आणि नैराश्यावर दिलं जाणारं औषध घेणाऱ्या कोणीही मेलाटोनिनला हात लावू नये. यकृतात मेलाटोनिन मोडणारं एन्झाइमच ते अडवतं आणि रक्तातली पातळी कित्येक पट चढते. वॉरफरिन, फिट्सची औषधं, प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असलेल्यांनी आधी विचारावं. आणि नातवंडं सुट्टीला येणार असतील तर ती बाटली कुलपात ठेवा. गमीज दिसतात जेलीच्या गोळ्यांसारख्या. अमेरिकेत लहान मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी २०१२ मध्ये ८,३३७ होत्या, २०२१ मध्ये ५२,५६३.

तर तुमच्यापुरतं: रोज एक गमी, नको. मेटोप्रोलॉल मनाने कमी-जास्त करू नका, वर वाचलंत म्हणून बंद तर मुळीच करू नका. एकदम थांबवलं तर दाब उसळतो आणि छातीत दुखू शकतं. जेवण आठ-साडेआठला घ्या आणि दोन आठवडे सकाळची उपाशीपोटीची साखर लिहून ठेवा. साडेनवानंतर स्वयंपाकघरातली पांढरी ट्यूब मालवून पिवळा दिवा लावा, तुमची पिनिअल मेटोप्रोलॉलमुळे आधीच हळू बोलते, तिच्यावर उजेडाचा आवाज नको. डोकेदुखीची वही आजपासून सुरू करा: तारीख, किती तास, काय खाल्लं होतं, आदल्या रात्री किती वाजता झोपलात. तुमच्या डॉक्टरांना २४ तासांच्या बीपीच्या पट्ट्याबद्दल विचारा. त्यात रात्रीचा दाब उतरत नाही असं निघालं, किंवा वहीत महिन्याला चारपेक्षा जास्त झटके दिसले, तर दोन्ही कागद घेऊन त्यांच्याकडे जा. तेव्हा २-३ मिलिग्रॅमचा विचार होऊ शकेल, तोही या बाटलीतल्या गमीचे तुकडे करून नाही.